२६ डिसेंबर ते ५ जानेवारी : पोरांच्या आइस हॉकीसाठी अख्खा कॅनडा टीव्हीसमोर का बसतो?

कॅनडात शिकायला किंवा नोकरीला गेलेलं तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर २६ डिसेंबरनंतर त्यांच्या स्टोरीज जरा नीट बघा. ख्रिसमसचं झाड, खिडकीबाहेर बर्फ, आणि मागे टीव्हीवर लाल-पांढऱ्या जर्सीतली पोरं बर्फावर धडका देत पळतायत. पुढचे दहा-अकरा दिवस तिथल्या बऱ्याच घरांत हेच चित्र असतं.

कॅनडा आणि आइस हॉकी हे समीकरण आपल्याला ऐकून माहीत आहे. पण गंमत अशी की या दिवसांत टीव्हीवर जे खेळत असतात, ते कुणी मोठे स्टार नसतात. ती असतात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. स्पर्धेचं अधिकृत नाव आहे २० वर्षांखालील जागतिक अजिंक्यपद. लोक म्हणतात वर्ल्ड ज्युनियर्स.

आपल्याकडे १९ वर्षांखालील क्रिकेट वर्ल्डकप होतो. फायनलला भारत असेल तर आपण बघतो, जिंकलो तर स्टेटस टाकतो. पण त्याच्या साखळी सामन्यांसाठी कुणी पाहुण्यांना जेवायला अर्धा तास थांबवलंय, असं काही होत नाही. कॅनडात होतं. मग एका वयोगटाच्या स्पर्धेला हे भाग्य कसं लाभलं? आणि एवढ्या कोट्यवधी डोळ्यांचं ओझं ज्यांच्या खांद्यावर येतं, त्या पोरांचं पुढे काय होतं?

आधी स्पर्धा समजून घेऊ

दहा देश, पाच-पाचचे दोन गट. प्रत्येक संघ गटात चार सामने खेळतो. ठरलेल्या वेळेत जिंकलात तर ३ गुण, जादा वेळेत जिंकलात तर २, जादा वेळेत हरलात तरी १. गटातले पहिले चार उपांत्यपूर्व फेरीत जातात. म्हणजे साखळीत बाहेर पडणं तसं अवघड आहे, पण त्यानंतर एक सामना हरला की सुवर्णाची आशा संपली.

दोन्ही गटांत तळाला राहिलेले संघ एकमेकांशी खेळतात आणि त्यात हरणारा पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत जातो. २०२५ मध्ये कझाकस्तान असाच खाली गेला.

वयाची अट सरळ आहे. स्पर्धा सुरू होते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला खेळाडूला २० वर्षं पूर्ण झालेली नसावीत. यातले बरेचसे खेळाडू एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या क्लबांनी आधीच निवडून ठेवलेले असतात, किंवा काही महिन्यांनी निवडले जाणार असतात. आयपीएलचे स्काउट रणजीला जाऊन बसतात ना, तसंच. वेन ग्रेट्स्की १९७८ मध्ये इथे खेळला तेव्हा १६ वर्षांचा होता आणि स्पर्धेत सगळ्यात जास्त गुण त्याचेच होते. ओवेच्किन, क्रॉस्बी, मॅकडेव्हिड सगळे याच वाटेने गेले.

एक मेख आहे. एखादा पोरगा फारच चांगला निघाला, तर एनएचएलचा क्लब त्याला सोडत नाही. कॉनर बेडार्डने २०२३ च्या स्पर्धेत ७ सामन्यांत ९ गोल केले आणि १४ गोलांना मदत केली. पुढच्या ख्रिसमसला तो वयाने पात्र होता, पण तोवर शिकागोच्या संघात रुजू झाला होता. म्हणजे इथे तुम्हाला उद्याचे स्टार दिसतात, पण ते खऱ्या अर्थाने स्टार व्हायच्या जेमतेम आधी.

भारत यात कुठे आहे? भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळला जातो. आपल्या महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यही जिंकलं. पण जगातल्या पहिल्या दहाच्या या स्पर्धेपर्यंतचा रस्ता अजून लांब आहे.

सवय लागली कशी?

अधिकृत स्पर्धा सुरू झाली १९७७ मध्ये. पहिली चार विजेतेपदं सोव्हिएत संघाची. कॅनडाचं तेव्हा या स्पर्धेकडे फारसं लक्षच नव्हतं. ते बहुतेकदा राष्ट्रीय संघ निवडायचेच नाहीत. देशातला ज्युनियर विजेता क्लब असेल त्यालाच पाठवून द्यायचे. १९८१ मध्ये असाच एक क्लब गेला आणि कॅनडा सातवा आला. आठ संघांत सातवा.

मग मात्र डोळे उघडले. देशभरातून पोरं निवडून, शिबिर घेऊन खरा राष्ट्रीय संघ तयार करायचा असं ठरलं. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटात कॅनडाने पहिलं सुवर्ण जिंकलं. बक्षीस समारंभात लक्षात आलं की आयोजकांकडे कॅनडाच्या राष्ट्रगीताची टेपच नाही. पोरांनी निळ्या रेषेवर उभं राहून ते स्वतःच म्हटलं.

गोष्ट छान आहे. पण स्पर्धा घराघरांत पोचली ती पाच वर्षांनी, आणि ती एका लाजिरवाण्या प्रकारामुळे.

४ जानेवारी १९८७. जागा पिएश्त्यानी, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं, आजच्या स्लोव्हाकियातलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. सामना कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ. तेव्हा बाद फेरी नव्हती, सगळे सगळ्यांशी खेळायचे आणि गुणांवर पदकं ठरायची. कॅनडाचं कांस्य पक्कं झालेलं होतं. पाच गोलांच्या फरकाने जिंकले असते तर थेट सुवर्ण. सोव्हिएत संघ पदकांच्या शर्यतीतून बाद झालेला, त्याला गमवायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या सत्रात कॅनडा ४-२ ने पुढे होता. दोघांची जुंपली, मग चौघांची. तेवढ्यात राखीव बाकावरची पोरं बर्फावर उतरली. दोन्हीकडची. हातमोजे, हेल्मेट, काठ्या सगळीकडे विखुरलेल्या आणि वीस-वीस पोरांची अक्षरशः हाणामारी. पंचांना आवरेना, तेव्हा ते बर्फ सोडून निघून गेले. शेवटी आयोजकांनी स्टेडियमचे दिवे बंद केले. अंधारात तरी थांबतील अशी अपेक्षा. पोरं अंधारातही भांडत राहिली.

दोन्ही संघ स्पर्धेतून बाद. कॅनडाचं हातातलं पदक गेलं आणि सुवर्ण मिळालं फिनलंडला. हे सगळं कॅनडात टीव्हीवर थेट दिसत होतं. काहींनी शरमेने मान खाली घातली. काहींना वाटलं आपल्या पोरांवर अन्याय झाला. टोरंटोच्या एनएचएल क्लबचे मालक हॅरल्ड बॅलर्ड यांनी तर स्वतःच्या खर्चाने त्या पोरांना सोन्याची पदकं करून दिली. पण ज्या स्पर्धेची कालपर्यंत फार कुणी दखल घेत नव्हतं, तिच्याबद्दल आता प्रत्येकाकडे मत होतं.

या भांडणाची एक शेपटी सांगायलाच हवी. त्या दिवशी कॅनडाच्या संघात ब्रेंडन शनाहान होता, समोर सर्गेई फेदोरोव्ह आणि व्लादिमिर कॉन्स्टान्टिनोव्ह होते. दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, हे तिघं डेट्रॉइटच्या एकाच संघातून स्टॅन्ली कप जिंकले. आणि पुढे २०११ मध्ये एनएचएलने खेळाडूंच्या बेशिस्तीला शिक्षा ठरवणारा नवा विभाग काढला, त्याचे पहिले प्रमुख झाले हेच शनाहान!

सुट्टी, टीव्ही आणि मोकळी जागा

लोकांचं लक्ष गेलं, पण दरवर्षीची सवय लावली ती टीव्हीने. टीएसएन ही कॅनडातली क्रीडा वाहिनी. १९९१ पासून ही स्पर्धा तिच्याकडे आली. त्याच वर्षी स्पर्धा कॅनडातच, सॅस्कटूनमध्ये होती. शेवटच्या सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना जॉन स्लेनी नावाच्या पोराने शेवटच्या काही मिनिटांत गोल केला आणि सुवर्ण घरी राहिलं. नव्या वाहिनीला याहून चांगली सुरुवात काय मिळणार?

आता कॅलेंडरकडे बघा. एनएचएल २४ ते २६ डिसेंबर पूर्ण बंद असते. ज्युनियर लीगही थांबलेल्या असतात. शाळांना सुट्टी, ऑफिसं अर्धी रिकामी, बाहेर उणे तापमान, घरात तीन पिढ्या एकत्र. आदल्या दिवशीचं उरलेलं जेवण गरम करायचं आणि बसायचं. हॉकीच्या वेड्या देशात नेमका हॉकीचा दुष्काळ पडतो, त्या दिवशी ही स्पर्धा सुरू होते. आपल्याकडे पूर्वी दिवाळीच्या सकाळी आकाशवाणी लागायचीच, तसं हे. कुणी ठरवून लावत नाही, पण लागलेलं असतं.

त्यात ३१ डिसेंबरच्या रात्री शक्यतो कॅनडा विरुद्ध अमेरिका सामना ठेवतात, दोघं एका गटात असतील तर. थर्टी फर्स्टची पार्टी सामन्यानंतर सुरू होते.

पैशाचं गणितही याच घरात सुटतं. युरोपात यजमानांचा सामना नसेल तर बऱ्याचदा अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या दिसतात. २०१२ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी आणि एडमंटनमध्ये स्पर्धा झाली तेव्हा सगळे सामने मिळून साडेचार लाखांवर प्रेक्षक आले. त्यामुळे २०१५ ते २०२५ या ११ स्पर्धांपैकी ७ कॅनडात झाल्या. त्यातली २०२३ ची खरं तर रशियातल्या नोवोसिबिर्स्क आणि ओम्स्कला द्यायची ठरली होती. युक्रेन युद्धानंतर ती काढून घेतली गेली. रशिया आणि बेलारूस २०२२ पासून या स्पर्धेबाहेर आहेत.

म्हणजे नाव जागतिक, पण जत्रा मुख्यतः एका देशाची. स्वीडन, फिनलंड, चेकिया इथेही चाहते आहेत, फिनलंडमध्ये तर बरेच. तरी कॅनडात जिंकणं हे गृहीत धरलेलं असतं आणि रौप्य मिळालं तरी घरात सुतक असतं.

बघायला एवढं कळलं तरी पुरे

एकेका बाजूला गोलकीपर धरून सहा जण. २० मिनिटांची तीन सत्रं. काठीने मारायची ती रबराची काळी चकती, तिला पक म्हणतात. सुरुवातीला ती दिसतच नाही. घाबरू नका, पकऐवजी खेळाडूंचे चेहरे कुठे वळतायत ते बघा, पक तिथेच असतो.

खेळाडू सारखे आत-बाहेर करताना दिसतील. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं आणि बाकावर येऊन बसायचं, खेळ न थांबवता. त्यामुळे थकलेली जोडी बर्फावर अडकली आणि समोर ताजे खेळाडू आले, की धोका ओळखायचा.

चूक केली तर दोन मिनिटं बाहेर. तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी. याला समोरच्याचा पॉवर प्ले म्हणतात. कबड्डीत गडी बाद झाल्यावर कोपरे मोकळे पडतात, तसाच बर्फ मोकळा पडतो. या स्पर्धेतले कितीतरी सामने पॉवर प्लेवर ठरतात, कारण एकोणीस वर्षांच्या पोराचं डोकं तिशीतल्या खेळाडूपेक्षा लवकर तापतं. मारामारीबद्दल सांगायचं तर एनएचएलमध्ये ती केली की पाच मिनिटांची शिक्षा होते. इथे थेट सामन्याबाहेर काढतात.

आणि शेवटची दोन मिनिटं सोडू नका. हरणारा संघ आपला गोलकीपर बाहेर काढून त्याच्या जागी आणखी एक आक्रमक आणतो. मागे गोल रिकामा. लागला तर तीर, नाहीतर आणखी एक गोल खायचा. ओटावात २००९ च्या उपांत्य सामन्यात कॅनडा रशियाविरुद्ध एका गोलाने मागे होता. घड्याळात ५.४ सेकंद उरलेले असताना जॉर्डन एबर्लीने बरोबरी केली आणि कॅनडा पुढे जिंकला. आजही तिथे पन्नाशीतला माणूस तो गोल कुठे बसून पाहिला ते सांगतो.

बरोबरीच राहिली तर जादा वेळेत तीन विरुद्ध तीन खेळतात. एवढ्या मोकळ्या बर्फावर एक चूक म्हणजे थेट गोल.

एका रात्रीचा खेळ

या स्पर्धेत चांगला संघ जिंकेलच असं नाही. स्वीडनचं उदाहरण क्रूर आहे. त्यांनी सलग ५४ साखळी सामने जिंकले. तेरा डिसेंबर गटात कुणालाच ते हरवता आले नाहीत. २०२० च्या डिसेंबरमध्ये रशियाने ती मालिका तोडली. या सगळ्या काळात स्वीडनला सुवर्ण किती मिळाली? एक, २०१२ मध्ये. आपल्याला दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ आठवला तर नवल नाही.

कॅनडालाही हे भोवलंय. २०११ ची फायनल बफेलोत होती. शहर अमेरिकेतलं, पण सीमेला लागून, त्यामुळे प्रेक्षक बहुतेक कॅनडाचे. दोन सत्रांनंतर कॅनडा ३-० ने पुढे. तिसऱ्या सत्रात रशियाने पाच गोल ठोकले. ३-५.

ताजी जखम २०२४-२५ ची. स्पर्धा ओटावात, म्हणजे राजधानीत. दुसऱ्याच सामन्यात लॅटव्हियाने कॅनडाला शूटआउटमध्ये ३-२ असं हरवलं. आदल्या वर्षी याच लॅटव्हियाला कॅनडाने १०-० ने धुतलं होतं! मग उपांत्यपूर्व फेरीत चेकियाने ४-३ ने घरी बसवलं, शेवटच्या मिनिटात गोल करून. त्याआधीच्या वर्षीही चेकियानेच, उपांत्यपूर्व फेरीतच आणि शेवटच्या काही सेकंदांत हरवलेलं. कॅनडाची फायनलची तिकिटं विकली गेली होती आणि बर्फावर होते अमेरिका आणि फिनलंड. अमेरिका जिंकली, पहिल्यांदाच लागोपाठ दुसऱ्या वर्षी.

एका सामन्यात असं होऊ शकतं, हे मोठ्यांना कळतं. पण फोन हातात आला की बहुतेकांना ते आठवत नाही.

२ जानेवारी २०१९, व्हँकूव्हर. उपांत्यपूर्व फेरी, कॅनडा विरुद्ध फिनलंड. कॅनडा १-० ने पुढे होता, शेवटच्या मिनिटात फिनलंडने बरोबरी साधली. जादा वेळेत कॅनडाला पेनल्टी शॉट मिळाला. म्हणजे एकटा खेळाडू आणि समोर एकटा गोलकीपर. कॅनडाचा कर्णधार माक्सिम कॉम्टुआ पुढे झाला. गोलकीपरने अडवला. थोड्या वेळाने कॅनडाच्या दुसऱ्या एका खेळाडूसमोर जवळजवळ रिकामा गोल होता. त्याने मारलं आणि नेमकी काठीच मोडली. पक तसाच उलट गेला आणि फिनलंडने गोल केला. २-१. घरच्या बर्फावर कॅनडा पदकाशिवाय राहण्याची ही पहिलीच वेळ.

काठी मोडली त्याला लोकांनी नशीब म्हटलं. पेनल्टी चुकली त्याला म्हटलं नाही. कॉम्टुआच्या इन्स्टाग्रामवर रात्रभर शिव्या पडत राहिल्या. वीसच्या आतल्या पोराला, देशाचा कर्णधार असलेल्याला, त्याच्याच देशातल्या लोकांनी काय काय लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही. त्याच्या एजन्सीला निवेदन काढून हा ऑनलाइन छळ असल्याचं सांगावं लागलं. नंतर कळलं की तो खांद्याची दुखापत घेऊन खेळत होता.

आपल्याला हे नवीन नाही. अर्शदीप सिंगने २०२२ च्या आशिया कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध झेल सोडला, त्या रात्री आपल्या सोशल मीडियावर काय झालं होतं ते आठवा. फरक एवढाच की अर्शदीप तेव्हा पगारी व्यावसायिक खेळाडू होता. वर्ल्ड ज्युनियर्समधली बरीच पोरं अजून दुसऱ्याच्या घरी राहून, शाळा-कॉलेज सांभाळून ज्युनियर लीग खेळत असतात. तिथे संघ ज्या गावात असेल त्या गावातलं एखादं कुटुंब खेळाडूला ठेवून घेतं, तशी पद्धतच आहे.

फळ्या कोऱ्या राहिल्या तो ऑगस्ट

ओझ्याची दुसरी बाजूही आहे. ज्यांना देश डोक्यावर घेतो, त्यांच्याबद्दलचे अवघड प्रश्न कुणी विचारायला धजत नाही.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये एडमंटन आणि रेड डिअरमध्ये स्पर्धा सुरू झाली आणि कोविडमुळे चार दिवसांत रद्द झाली. ती पुन्हा घेतली २०२२ च्या ऑगस्टमध्ये. पण दरम्यान मे महिन्यात बातमी फुटली होती. २०१८ चं सुवर्ण जिंकलेल्या संघातल्या काही खेळाडूंनी लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप एका तरुणीने दाव्यात केला होता आणि हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेने तिच्याशी गुपचूप तडजोड केली होती. संघटनेकडे अशा दाव्यांसाठी एक निधी होता आणि त्यात देशभरातल्या सामान्य पोरांच्या नोंदणी शुल्काचे पैसे जात होते, हेही बाहेर आलं. गल्लीतल्या क्लबसाठी फी भरणाऱ्या आईबापांना हे कळल्यावर काय झालं असेल, सांगायला नको.

ही बातमी दिली ती टीएसएनच्याच पत्रकाराने. ज्या वाहिनीने ही स्पर्धा मोठी केली, तिनेच. मला हे या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वळण वाटतं.

सरकारने निधी थांबवला. मोठे प्रायोजक बाजूला झाले. ऑगस्टमध्ये सामने झाले तेव्हा रिंकभोवतीच्या फळ्या, ज्यांच्यावर एरवी जाहिरातींना बोट ठेवायला जागा नसते, त्या पांढऱ्या कोऱ्या होत्या. खुर्च्याही बऱ्याच रिकाम्या. कॅनडा जिंकला, फायनल जादा वेळेत सुटली, पण डिसेंबरचा गजर नव्हता. ऑक्टोबरमध्ये हॉकी कॅनडाचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि संपूर्ण संचालक मंडळ पायउतार झालं.

पुढे पाच माजी खेळाडूंवर खटला चालला. २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयाने पाचही जणांना सर्व आरोपांतून निर्दोष ठरवलं. संघटनेच्या कारभाराबद्दलचे प्रश्न मात्र वेगळे होते आणि ते खटल्याच्या निकालाने मिटणारे नव्हते.

त्याच २०२२ च्या डिसेंबरात हॅलिफॅक्सला पुढची स्पर्धा झाली, बेडार्ड खेळला, आणि स्टेडियम पुन्हा गच्च भरलं. सवय म्हणतात ती हीच.

दावोस, पण करारांचं नाही

याच आठवड्यात आणखी एक स्पर्धा असते आणि ती चालते अगदी वेगळ्या मूडमध्ये. स्पेंग्लर कप. गाव स्वित्झर्लंडमधलं दावोस.

दावोस म्हटलं की आपल्याला जानेवारीतले मुख्यमंत्र्यांचे दौरे आणि गुंतवणूक करारांचे आकडे आठवतात. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी, २६ ते ३१ डिसेंबर, त्या गावात हॉकी चाललेली असते. तीही १९२३ पासून. दावोस तेव्हा क्षयरोग्यांच्या हवापालटासाठी प्रसिद्ध होतं. तिथले डॉक्टर कार्ल स्पेंग्लर यांनी हा कप दिला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. ज्या देशांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, त्यांची तरुण पोरं बर्फावर तरी एकत्र येऊ देत, अशी कल्पना होती. पहिला कप जिंकला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाने.

इथे देश नाही तर क्लब खेळतात. यजमान एचसी दावोस आणि बहुतेक युरोपातले पाहुणे, एकूण सहा संघ. ठळक अपवाद कॅनडाचा. १९८४ पासून त्यांचा संघ नियमित येतो, पण तो बनतो युरोपातल्या लीगमध्ये खेळणाऱ्या कॅनेडियन खेळाडूंचा. एनएचएलचं स्वप्न मागे पडलेले, तिशीतले, बायकापोरांसह स्वित्झर्लंड-जर्मनीत स्थिरावलेले लोक. वर्षातून एकदा देशाची जर्सी घालायला मिळते म्हणून ते ख्रिसमसची सुट्टी देतात. वर्ल्ड ज्युनियर्समधल्या काही पोरांचं पंधरा वर्षांनंतरचं रूप इथे बघायला मिळतं, आणि ते बरंच समाधानी दिसतं.

स्टेडियमचं लाकडी छत बघण्यासारखं आहे. प्रेक्षक गातात, नाचतात, आणि सुटी घालवायला आलेल्या माणसांसारखे हरण्याचंही फार मनावर घेत नाहीत.

आपल्याकडून बघायचं तर

टोरंटोची हिवाळ्यातली वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तिथे संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला. म्हणजे थर्टी फर्स्टच्या रात्रीचा सामना आपण १ जानेवारीला सकाळच्या चहाबरोबर बघायचा. रात्रभर जागलेले असाल तर झोपण्याआधी.

दावोस आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तिथले दुपारचे सामने आपल्याकडे संध्याकाळी साडेसातनंतर येतात. त्यांची फायनल ३१ डिसेंबरला दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला. पार्टीच्या तयारीआधी आरामात उरकते.

पूर्ण सामना बघणं जमलं नाही तर आंतरराष्ट्रीय महासंघ आणि टीएसएन दोघंही यूट्यूबवर काही मिनिटांचे क्षणचित्रांचे व्हिडिओ टाकतात. पण एकच सामना पूर्ण बघायचा असेल, तर फायनलच्या आधी तळाच्या दोन संघांचा सामना निवडा. तिथे पदक नसतं आणि स्काउटांची गर्दीही कमी असते. समोर असतो फक्त एक प्रश्न : पुढच्या वर्षी आपल्या देशातली आणखी वीस-पंचवीस पोरं इथे येणार की नाही? वयामुळे त्या संघातल्या बऱ्याच जणांना पुढच्या वर्षी खेळताही येणार नसतं. ते झगडतात ते आपल्या मागून येणाऱ्यांसाठी.